लोकरेकाका आणि शिकागोचा वारा

"वारा कुठून आहे रे?"

लोकरेकाका माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनच्या ट्रामचं शेवटचं स्टेशन, रविवारची दुपार, दुकानं बंद, रस्ता ओस. मी नुकताच पुण्याहून आलेलो, आणि परक्या देशात एक टक्कल पडलेला गृहस्थ उजव्या हाताचं बोट ओलं करून आभाळात धरून मला चक्क मराठीत वारा विचारतोय. डाव्या हातात मोबाइल. मराठी ऐकून मी असा खुललो, की वारा काय, विचारली असती तर पृथ्वीसुद्धा मी मोजून दिली असती. समोरच्या बेकरीचं निशाण बघितलं आणि अदबीने म्हणालो, "पश्चिमेकडून वाटतोय."

"इथला नाही रे. शिकागोचा."

"शिकागोचा?"

"तिथे अजून उजाडायचंय. पण सामन्याच्या वेळी कुठून असेल? आत येणारा, की बाहेर जाणारा?"

"ते मला कसं कळणार? आणि मग बोट इथे का ओलं केलंत?"

काकांनी बोटाकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं असावं. "सवय," म्हणाले, ते पँटला पुसलं आणि आलेल्या ट्राममध्ये चढून गेले. मला त्याच ट्रामने जायचं होतं. मी तिथेच उभा राहिलो. त्या दुपारी जो गोंधळ माझ्या डोक्यात शिरला, तो अजून बाहेर पडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं की काका आमच्याच कंपनीत, ब्रेकच्या विभागात. पंचवीसेक वर्षांपूर्वी चिंचवडहून आलेले. ब्रेक दाबल्यावर तो 'कुईं' करतो का, हे कान देऊन ऐकायचं, हा त्यांचा धंदा. जर्मन लोकांनी त्यासाठी खोलीभर यंत्रं आणली होती, पण यंत्रांना शंका आली की ती काकांना विचारत. एकदा कँटीनमध्ये काकांनी सूपचा चमचा अर्ध्यावर थांबवला आणि म्हणाले, "मागचा डावा." तेवढ्यात फाटकातून साहेबांची गाडी आत आली आणि तिचा मागचा डावा ब्रेक खरोखरच गेलेला निघाला. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा गाडी स्टुटगार्टच्या वेशीवर असते. अंतराबद्दल मतभेद आहेत, कानाबद्दल नाहीत.

असा हा तीक्ष्ण कानाचा माणूस बोलण्यात मात्र एकाच शब्दावर भागवी. "गेनाऊ." म्हणजे 'अगदी बरोबर'. पटलं की गेनाऊ, नाही पटलं तरी गेनाऊ, कुणी गेल्याची बातमी आली तरी मान खाली घालून हळूच गेनाऊ.

आता तो खेळ. मला समजला तसा सांगतो, म्हणजे न समजलेला सांगतो.

बेसबॉल अमेरिकेत खऱ्या मैदानावर चालतो. तिथे चेंडू टाकणारा तो पिचर आणि दांडक्याने तो हाणणारा तो हिटर. आपले बॉलर-बॅट्समनच, फक्त पोशाख पायजम्यासारखा. काकांचा खेळ मोबाइलवर. त्या दिवशी जेवढे सामने असतील, त्यांतले कुठल्याही टीमचे पिचर आणि हिटर निवडायचे आणि आपली एक कागदी टीम बांधायची. प्रत्येक खेळाडूला किंमत, आपल्या हातात लुटुपुटीची थैली. चांगला पिचर घेतला की हिटर गल्लीतले घ्यावे लागतात. मग ते लोक तिकडे खरोखर जसे खेळतील तसे आपल्याला गुण. रात्र सरली की सगळं पुसायचं. पुढच्या वेळी पाटी कोरी.

काकांनी आयुष्यात बेसबॉलचं मैदान पाहिलं नव्हतं. अमेरिकाही नाही. खेळाडूंची नावं त्यांच्या जिभेला झेपत नसत, म्हणून त्यांनी सगळ्यांचं बारसं केलं होतं. एक पिचर चेंडू टाकण्याआधी फार वेळ लावी, तो 'भटजी'. एक हिटर पोट सावरत धावे, तो 'सरपंच'. एक दाढीवाला सतत थुंके, त्याला ते 'आमचे मामेसासरे' म्हणत, पण काकू स्वयंपाकघरात असल्या तर फक्त 'ते दाढीवाले'. डेन्व्हर शहर उंचावर, हवा विरळ, तिथे चेंडू कुठल्या कुठे जातो आणि पिचरची धुलाई होते. काका त्याला महाबळेश्वर म्हणत. "भटजींना आज महाबळेश्वरला नेलंय रे. बिचारे परत येत नाहीत."

शिकागोत वारा मैदानातून बाहेर वाहत असला, की साधा फटकासुद्धा कुंपणापार जातो; आत येत असला, की राक्षसाचा फटकाही पायाशी पडतो. म्हणून ते बोट. पण ते बोट गेर्लिंगेनमध्ये ओलं करून काय कळतं, हे मी पुढे अनेकदा विचारलं. उत्तर, गेनाऊ.

काकांनी मला सल्लागार नेमलं. पात्रता एवढीच, की वाऱ्याच्या प्रश्नाला मी हसलो नव्हतो. पगार म्हणून काकूंच्या हातचं जेवण. सुनंदाकाकू म्हणजे गोरीपान, ठेंगणी, मोजकं बोलणारी बाई. त्यांनी नुसतं पाहिलं तरी पातेल्यातलं दूध उतू जायचं थांबे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दर रविवारी त्या साडेसहाच्या ठोक्याला ताटं मांडत. एवढ्या लवकर जेवायला मला जड जाई, पण वाटलं, इतकी वर्षं जर्मनीत काढली, पोटही जर्मन झालं असेल. सातला अमेरिकेतले दुपारचे सामने सुरू होत आणि टीमला कुलूप लागे. त्यानंतर बदल नाही.

सात वाजले की काका सोफ्यावर मांडी घालत आणि उशी तोंडाशी धरत. रविवार म्हणजे तिथे शांततेचा दिवस, रुहेत्साइट. खालच्या मजल्यावरच्या आजींना खिळा ठोकलेलाही चालत नसे. मग सरपंचांनी चेंडू कुंपणापार टोलवल्यावर निघणारी आरोळी कशी चालेल? तेव्हा आरोळी उशीत. त्या घरात वर्षाला तीन उशा लागत असं मी सांगतो. काकू म्हणतात एकच, पण त्या सगळ्याच गोष्टी कमी करून सांगतात.

पहिल्या रविवारीच मी टीम बघितली आणि घास परत ताटात ठेवला.

"काका, हा तुमचा पिचर भटजी."

"गेनाऊ."

"आणि हे तुमचे तीन हिटर. सरपंच, दाढीवाले आणि हा कोण तो लंगडा."

"गेनाऊ."

"पण हे तिघं आज भटजींच्याच समोर खेळणार आहेत!"

"मग?"

"मग काय मग! भटजी चालले की हे तिघे मेले. हे तिघे चालले की भटजी मेले. हा खेळ खेळणारा शाळकरी पोरगासुद्धा असं करत नाही. आपण नक्की कोणाच्या बाजूने?"

काकांनी भाकरीचा तुकडा वांग्याच्या रश्शात नीट बुडवला. "पराग, लग्नातला मध्यस्थ कोणाच्या बाजूचा असतो?"

"लग्न कुठून आलं यात?"

"सांग तर."

"दोन्ही बाजूंचा."

"दोन्ही पंगतींत त्याचं पान असतं. कुणाचंही भलं झालं, की आपलं झालं."

"आणि बिनसलं तर दोन्हीकडचे जोडे!" मी म्हणालो.

यावर काका इतके हसले, की उशी घ्यायची राहिली आणि खालून आजींनी काठीने छत ठोकलं. स्वयंपाकघरात काकू मात्र हसल्या नाहीत. तवा आपटल्याचा आवाज आला.

टीम त्यांनी बदलली नाही. अर्थातच हरले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. एक पिचर आणि त्याच्याच उरावर बसवलेले तीन हिटर. मी तक्ते मांडले, डावखुऱ्या हिटरला उजव्या हाताचा पिचर बरा पडतो वगैरे बरंच वाचून आलो. काका सगळं ऐकत, मान डोलावत आणि शेवटी भटजींच्या समोर दाढीवाल्यांना उभे करत. समोर कायम एकच प्रतिस्पर्धी, फुकटातला दोघांचाच सामना. त्याचं टोपणनाव 'ब्रेत्सेल', म्हणजे जर्मन बेकरीतला तो गाठ मारलेला खारा पाव. हा ब्रेत्सेल काकांना रविवारमागून रविवार धूत होता आणि काका हरले की मूठ छातीवर मारून म्हणत, "काय हुशार आहे लेकाचा!" हरून एवढा फुलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याहून चमत्कारिक म्हणजे काका त्याची टीम पत्रिकेसारखी वाचत. कुलूप लागलं की समोरच्याची टीम दिसे.

"आज महागाचा पिचर घेतलाय. खुशीत आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत आहे."

आणि एकदा, चेहरा पाडून, "आज सगळे स्वस्तातले. घाईघाईत लावलीय टीम. कणकण असेल. सर्दी झाली असेल."

पाच मिनिटांत काकू आतून आल्या. हातात दोन पेले, आल्या-मिऱ्यांचा काढा. आम्हा दोघांनाही सर्दी नव्हती. मे महिना होता, माणसं अर्ध्या चड्डीत फिरत होती. पण त्या बाईसमोर काढा नको म्हणायची छाती कोणाची? प्यायलो. घशातून धूर निघाला.

ब्रेत्सेल कोण ते काकांनी मला ट्रामच्या स्टेशनावर सोडताना सांगितलं, तेही रस्त्याच्या कडेला बुटाची नाडी बांधण्याचं निमित्त करून, म्हणजे माझ्याकडे बघावं लागू नये.

तो त्यांचा मुलगा ओंकार. गेर्लिंगेनमध्ये वाढलेला. त्या पोरांची एक तऱ्हा असते. आईबाप मराठीत विचारणार, पोरगं जर्मनमध्ये उत्तर देणार, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. शिकायला अमेरिकेत गेला, ओहायोत नोकरीला लागला आणि एके दिवशी कोर्टात जाऊन मेगन नावाच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. घरी सांगणार होता. सांगायच्या आधी फोटो फिरत फिरत डोंबिवलीच्या आत्याकडे पोचला आणि आत्याने तो काकूंना पाठवला. वर अभिनंदन.

"लग्नाला हरकत नव्हती रे तिची," काका नाडीला म्हणाले. "फोटोला होती. आईला डोंबिवलीहून कळावं?"

काकूंनी त्याला फोनवर एवढंच सांगितलं, की आता मला फोन करू नकोस. आणि मुलगा पडला त्यांचाच. त्याने केला नाही. मग काकूंनी घरात नियम केला, या घरातून त्याला फोन जाणार नाही, आणि काकांकडून शब्द घेतला. काकांनी दिला. दोन वर्षं होत आली होती.

"मग हे?" मी मोबाइलकडे बोट दाखवलं.

"त्यानंतर महिनाभरातच त्याच्या नावाने आमंत्रण आलं, खेळायला या म्हणून. आता ते त्याने मुद्दाम पाठवलं, की त्या ॲपने आपणहून सगळ्या ओळखीच्यांना पाठवलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. ते 'होय' लिहिलेलं होतं, त्यावर बोट ठेवलं." काका उठले. नाडी कधीच बांधून झाली होती. "टीम म्हणजे काही फोन नव्हे. हो की नाही?"

"गेनाऊ," मी म्हणालो.

"तिला यातलं काही माहीत नाही हां, पराग."

म्हणजे परिस्थिती अशी. बाप मुलाशी बोलत नाही, फक्त त्याच्याशी हरतो. मुलगा बापाशी बोलत नाही, फक्त दर रविवारी त्याला हरवायला वेळेवर हजर होतो. आई दोघांशी यावर बोलत नाही. आणि मी, ज्याला धड बेसबॉल कळत नाही, तो मधे बसून सर्दी नसताना काढा पितो.

मग ऑगस्टातला तो रविवार आला.

साडेसहाला जेवणं झाली. पावणेसातला काकांनी आपली टीम लावली. भटजी आणि भटजींच्या समोर दाढीवाले, काही नवीन नाही. ॲपमध्ये समोरच्याचे खेळाडू सातपर्यंत झाकलेले असत, पण त्याने टीम भरली आहे की नाही, तेवढं दिसे. ब्रेत्सेलच्या नावापुढे रिकामं.

"येईल," काका म्हणाले.

सातला पाच कमी. रिकामं. काका मोबाइल घेऊन खिडकीत गेले, मग बाल्कनीत गेले, जणू टीम हवेतून यायची आहे. बोट ओलं करून वर धरलं.

सात वाजले. कुलूप लागलं. काकांच्या बाजूला भटजी आणि मंडळी, समोर नुसत्या रिकाम्या चौकटी. पहिला फटका बसला, काकांना गुण मिळाले. समोर शून्य. दुसरा फटका. काका चालले होते आणि शून्याला हरवत होते, आणि त्यांचा चेहरा असा, की ब्रेक लागत नाहीये आणि उतार संपत नाहीये. उशी जमिनीवर पडली होती. तिची गरजच पडली नाही.

"आजारी असेल," ते म्हणाले. मग, "नाही, आजारी असता तरी लावली असती. तेव्हा लावली होती." आणि शेवटी, "कंटाळला असेल, पराग. म्हाताऱ्याला किती दिवस हरवायचं?"

"काका, फोन करा."

"शब्द दिलाय."

"मी करतो. नंबर द्या."

"घरातून जाणार नाही असा शब्द आहे. तू घरात आहेस."

मी जिन्यात जाऊन करतो म्हणालो. जिना घरात धरायचा का, यावर काका खरोखर विचार करू लागले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"लावली का त्याने?"

काकू. हात पदराला पुसत उभ्या.

काकांच्या तोंडातून गेनाऊसुद्धा निघेना. "काय... काय लावली का?"

"टीम, अहो. टीम! सात वाजून गेले."

"तुला... तुला कसं कळलं?"

"गेली दोन वर्षं रविवारी साडेसहाला वाढतेय, ते काय चर्चची घंटा ऐकून? तुमची ती टीम सातच्या आत लागावी म्हणून माझी वांगी पाचला चिरलेली असतात. आणि सर्दी झालीय म्हणून कोण ओरडलं होतं? त्याला तर पाजू शकत नव्हते, म्हणून तुम्हाला पाजला."

माझ्या घशात तो काढा पुन्हा पेटला.

"फोन आणा इकडे."

"अगं, पण शब्द..."

"घेतला कोणी होता? मी. मग मी सोडते."

नंबर शोधावा लागला नाही. पाठ होता. फोन स्पीकरवर टाकून त्यांनी ओट्याला पाठ टेकवली. घंटा वाजत राहिली. काकांनी माझं मनगट धरलं होतं. त्याची खूण अजून आहे म्हणतो मी, लोक म्हणतात घड्याळाची आहे.

"मामा?" पलीकडून आवाज आला. जर्मन पोरं आईला मामा म्हणतात.

दोन वर्षं साठवलेलं बोलणं आता कोसळणार म्हणून मी भिंतीला टेकलो. काकू म्हणाल्या, "जेवलास का?"

"नोख निश्त," तो म्हणाला. अजून नाही.

"का नाही? एक वाजून गेला तिकडे. आणि टीम का नाही लावलीस? बाप इकडे अर्धा झालाय."

तो भराभर जर्मनमध्ये सांगू लागला. घर बदललं कालच. इंटरनेटवाला येतो म्हणून आलाच नाही. मोबाइलची रेंज नव्या घरात फक्त न्हाणीघरात येते, आणि आत आत्तापर्यंत मेगन होती. म्हणजे ज्या एका गोष्टीवर लोकरे घराण्याचा श्वास अडकला होता, ती गोष्ट अमेरिकेतला एक तारवाला होता.

"आता कुठे आहे ती?" काकूंनी विचारलं.

"वेर?" कोण?

"कोण काय कोण! तुझी बायको. तिने खाल्लं का काही?"

पलीकडे इतकी शांतता, की खालच्या आजींनी प्रशस्तिपत्र दिलं असतं. मग "मोमेंट," आणि फोन हातातून हातात गेल्याची खडखड. पुढचा संवाद मी ऐकलाय, पण समजला असं म्हणत नाही. काकू मराठीत बोलत होत्या, मेगन इंग्रजीत. काकू नव्या घरात दूध उतू घालण्याबद्दल सांगत होत्या, ती खोक्यांबद्दल सांगत होती. दोघी एकमेकींना "हो हो" आणि "येस येस" म्हणत होत्या. मला दोन्ही भाषा येत होत्या आणि कशाचाच कशाशी संबंध लागत नव्हता. त्यांना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं आणि सगळं उत्तम चाललं होतं.

शेवटी ओंकार पुन्हा आला आणि त्याने बाबांना बोलावलं. काका फोनजवळ गेले. आधी तोच बोलला, जर्मनमध्ये, चिडून, पण ते चिडणं आतून फुटलेलं होतं. म्हणाला, पापा, तुम्ही दर वेळी स्वतःच्याच पिचरच्या समोरचे हिटर का घेता? गणितात हे मूर्खपणाचं आहे. दोन वर्षं मला कुणाला तरी हे ओरडून सांगायचं होतं.

काकांनी जमिनीवरची उशी उचलली, तोंडाशी धरली आणि तीत म्हणाले, "गेनाऊ."

तो एकच रविवार काका जिंकले. स्कोअर बघायला त्यांनी मोबाइल उघडलासुद्धा नाही.

पुढे शरद ऋतूत मला दूर उत्तरेला, ब्राउनश्वाइगला नोकरी लागली. निघायच्या दिवशी मी बॅगा घेऊन ट्रामच्या शेवटच्या स्टेशनावर आलो, तर बाकावर काका-काकू. मला निरोप द्यायला आले होते असं मी धरून चाललोय, पण दोघांचीही डोकी एकाच मोबाइलमध्ये होती.

"पिचर मी निवडतो, हिटर ही," काका म्हणाले. "आता रीतसर वाटणी झालीय."

"अरे वा. मग आता तरी समोरासमोरचे घेत नाही ना?"

"हे मला विचारून घेतील तर ना!" काकू म्हणाल्या. "मला दाढीवाले आवडतात. माझ्या मामांसारखे दिसतात."

मी टीम बघितली. भटजी. आणि समोर दाढीवाले, सरपंच, लंगडा. एकमेकांना न विचारता दोघांनी पुन्हा तोच सामना घडवला होता. मी डोक्याला हात लावला. तोपर्यंत ट्राम आली.

दारं मिटली आणि काका काचेपलीकडून काहीतरी ओरडले. काय, ते ऐकू आलं नाही. कान त्यांचे तीक्ष्ण, माझे नाहीत. मी हातवाऱ्यांनी 'काय?' विचारलं. तेव्हा त्यांनी बोट जिभेला लावलं आणि वर धरलं. म्हणजे जपून जा, की वारा कुठून आहे, की नुसती सवय? काकूंनी त्यांचं बोट पकडून खाली ओढलं, आपलं बोट ओलं केलं आणि वर धरून उलट्या दिशेला दाखवलं. काकांनी मोकळ्या हाताने परत आपल्या दिशेला. ट्राम वळेपर्यंत ती दोघं बाकावर उभी राहून दोन दिशांना दोन बोटं दाखवत भांडत होती.

बेकरीचं निशाण त्या दिवशी काठीला चिकटून लोंबत होतं. वारा अजिबात नव्हता.